शिल्लक हप्ते २४२

गृहकर्जाचे ३६ हप्ते आम्ही एकही न चुकवता भरले होते. पगार जमा झाला की तिसऱ्या दिवशी हप्ता जायचा आणि उरलेल्या पैशांत महिना बसवायचा, अशी घडी बसली होती. मग एक पत्र आलं. व्याजदर ८ टक्क्यांवरून ९ टक्के झाला आहे, पण 'आपल्या हप्त्याच्या रकमेत कोणताही बदल होणार नाही', असं त्यात लिहिलं होतं. मला हायसं वाटलं. पत्र फाइलला लावलं आणि विसरून गेले.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कशासाठी तरी कर्जाचं स्टेटमेंट लागलं. ते उघडल्यावर नजर एका रकान्यावर अडकली. शिल्लक हप्ते : २४२. कर्ज घेतलं तेव्हा ते २४० हप्त्यांचं होतं. तीन वर्षं भरल्यावर २०४ उरायला हवे होते. मी आकडा पुन्हा वाचला, नवऱ्याला हाक मारून वाचायला लावला. तो म्हणाला, "छपाईची चूक असेल गं." आम्ही कर्ज जिथून घेतलं होतं तिथे फोन केला. चूक नव्हती. दर वाढला की हप्ता वाढवण्याऐवजी ते मुदत वाढवत होते आणि करारात तशी मुभा होती. सही आमचीच होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा परतफेडीचं वेळापत्रक नीट वाचलं. कर्ज घेताना ते हातात दिलं होतं. पानंच्या पानं आकडे बघून तेव्हा शेवटच्या ओळीतलं शून्य तेवढं पाहिलं होतं. आमच्या रकमा इथे सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाचं कर्ज वेगळं असतं. म्हणून कर्ज १०० धरून सांगते. ८ टक्के दरानं २० वर्षांसाठी १०० घेतले की महिन्याचा हप्ता साधारण ०.८४ येतो. पहिल्या महिन्याचं व्याज ०.६७. म्हणजे पहिल्या हप्त्यातला ८० टक्के भाग व्याजात गेला आणि मुद्दलातून फक्त ०.१७ वजा झाले. तीन वर्षांत आम्ही ३० भरले होते. मुद्दल ७ सुद्धा कमी झालं नव्हतं.

यात फसवणूक काही नाही, हे समजायला मला थोडा वेळ लागला. व्याज दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर लागतं. सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून व्याज मोठं. हप्ता ठरलेला असल्यामुळे व्याज घेऊन जे उरेल तेवढंच मुद्दलाच्या वाट्याला येतं. मुद्दल हळूहळू घटतं तसं व्याज घटतं आणि मुद्दलाचा वाटा वाढत जातो, पण हा वेग शेवटच्या काही वर्षांतच जाणवतो. आमच्यासारखा दर वाढला की उलटं होतं. ९३ च्या शिल्लक मुद्दलावर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ०.७० झालं आणि ०.८४ च्या हप्त्यातून मुद्दलाला उरले ०.१४. पहिल्या महिन्यात मिळत होते त्याहूनही कमी. २४२ हा आकडा तिथून आला होता.

हे सगळं मी एका वहीत मांडलं. संगणकावरच्या तक्त्यात पाच मिनिटांत झालं असतं, पण हातानं प्रत्येक महिन्याचं व्याज काढताना ते डोक्यात उतरलं. शिल्लक मुद्दलाला ०.७५ टक्क्यानं गुणायचं (९ टक्के भागिले १२), ते हप्त्यातून वजा करायचं, उरलेलं मुद्दलातून वजा करायचं. बारा ओळी केल्या की एक वर्ष.

वहीतल्या एका हिशेबानं मात्र झोप उडाली, आणि ती आनंदानं उडाली. समजा त्याच महिन्यात आम्ही एक जादा हप्ता थेट मुद्दलात भरला, तर शेवटचे किती हप्ते कमी होतील? मला वाटलं होतं एक, फार तर दोन. उत्तर आलं जवळजवळ सहा. आज भरलेल्या एका हप्त्यानं शेपटाकडचे सहा हप्ते तुटत होते, कारण त्या रकमेवर पुढची वीस वर्षं लागणारं व्याजच थांबत होतं. हाच जादा हप्ता कर्जाची शेवटची पाच वर्षं राहिलेली असताना भरला असता, तर जेमतेम दीड हप्ता कमी झाला असता. तीन वर्षं मी 'पगार वाढला की बघू' म्हणत होते. त्या तीन वर्षांची मला आजही हळहळ वाटते.

पहिलं काम हप्ता वाढवण्याचं. मुदत पुन्हा २०४ वर आणायची तर हप्ता साधारण पावणेसात टक्क्यांनी वाढवायला हवा होता. आम्ही दोघांनी बसून घरखर्च पाहिला आणि १० टक्के वाढवायचं ठरवलं. त्यासाठी अर्ज द्यावा लागला, नवीन वेळापत्रक मागून घ्यावं लागलं. शिल्लक हप्ते २४२ वरून १९१ वर आले. एका अर्जानं चार वर्षांहून जास्त मुदत कमी झाली होती. त्या कागदाकडे मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

मग दोन नियम केले. दर वर्षी पगारवाढ झाली की हप्ता ५ टक्क्यांनी वाढवायचा, आणि वार्षिक बोनस आला की त्यातून एक पूर्ण हप्ता मुद्दलात भरायचा. काही ठिकाणी दर महिन्याऐवजी दर पंधरवड्याला अर्धा हप्ता भरायची सोय असते. ५२ आठवड्यांत २६ अर्धे हप्ते, म्हणजे १३ पूर्ण हप्ते. तिथेही फायदा होतो तो मुख्यतः त्या तेराव्या हप्त्याचाच. आम्हाला तशी सोय नव्हती, म्हणून तेरावा हप्ता वर्षातून एकदा.

पहिला तेरावा हप्ता वाया जाता जाता वाचला. पैसे कर्जखात्यात भरले, पावती आली, मी निश्चिंत. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट आल्यावर वहीतलं व्याज आणि त्यांचं व्याज जुळेना. त्यांचं व्याज जास्त होतं, म्हणजे मुद्दल कमी झालंच नव्हतं. शाखेत गेले. खिडकीवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, जास्तीचे पैसे आले की सिस्टीम ते पुढच्या हप्त्यासाठी आगाऊ म्हणून ठेवते. मुद्दलात वळवायचे तर तसा अर्ज लागतो." आमचे पैसे महिनाभर नुसते पडून होते. मी अर्ज लिहिला. त्यावर त्यानं विचारलं, "हप्ता कमी करायचा की मुदत?" फॉर्मवर आधीच 'हप्ता कमी' याच्यावर खूण होती. मी ती खोडून सही केली.

या दोन पर्यायांमधला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. हप्ता कमी करून घेतला तर मुदत तीच राहते, दर महिन्याला थोडे पैसे हातात उरतात आणि ते खर्चात विरून जातात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर मुद्दल वेगानं उतरत राहतं आणि व्याजाची खरी बचत होते. ज्यांची ओढाताण होत आहे त्यांनी हप्ता कमी करावा, त्यात गैर काहीच नाही. पण ते आपण ठरवावं, फॉर्मवरच्या आधीच केलेल्या खुणेनं नाही. तेव्हापासून प्रत्येक वेळी मी एकच वाक्य लिहून दिलं : 'ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी.' पोच घेतली. पुढच्या महिन्यात व्याज वहीशी ताडून पाहिलं. पैसेही हप्त्याच्या तारखेच्या आधी भरायला लागले, कारण आमच्या करारात व्याज महिन्याच्या शिलकीवर लागत होतं आणि तारीख उलटून भरलं की त्या महिन्याचा फायदा जात होता. जिथे रोजच्या शिलकीवर व्याज लागतं, तिथे जितक्या लवकर भराल तितकं बरं.

मुदतीआधी फेड केल्यावर दंड आहे का, हे मी करारात सर्वात आधी पाहिलं होतं. आमच्या बदलत्या दराच्या कर्जावर तो नव्हता. स्थिर दराच्या कर्जांत तो बऱ्याचदा असतो. कुठे वर्षाला ठरावीक टक्क्यांपर्यंतच फेड मोफत असते. हे कलम न वाचता मोठी रक्कम घेऊन कुणी जाऊ नये.

नवऱ्याला हे सगळं पटत होतं, पण पूर्ण नाही. त्याचं म्हणणं असं की हेच पैसे गुंतवले तर जास्त वाढतील. या मुद्द्यावर आमचे कितीतरी रविवार गेले. मी त्याला सांगायची की कर्जात भरलेल्या पैशावर ९ टक्के खात्रीनं वाचतात, तेवढा खात्रीचा परतावा देणारी ठेव तू मला दाखव. तो म्हणायचा की शेअर बाजारात लांबच्या मुदतीत याहून जास्त मिळू शकतं, आणि जिथे गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते तिथे कर्जाचा खरा खर्च ९ टक्क्यांहून कमी पडतो. त्याचं दुसरं म्हणणं बरोबर होतं, ते मी हिशेबात धरलं. पहिल्यातला 'शकतं' मला नको होता. शेवटी निवृत्तीसाठीची गुंतवणूक अजिबात थांबवायची नाही आणि त्याच्या वर जे उरेल ते कर्जात, असं ठरलं. त्याचं एक क्रेडिट कार्ड दर महिन्याला थोडं थकत होतं, ते मात्र आधी पूर्ण फेडायला लावलं. कार्डाच्या थकबाकीचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं. ते चालू ठेवून गृहकर्ज लवकर फेडण्यात काहीच अर्थ नव्हता.

सहाव्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेचा माणूस घरी आला. दर साडेआठ, कर्ज आमच्याकडे आणा, हप्ता एक तृतीयांशानं कमी होईल. ऐकायला किती छान! मी वही काढली. आमचे तेव्हा वाढवलेल्या हप्त्यानं ११८ हप्ते उरले होते. तो देत होता पुन्हा २४०. हप्ता कमी होत होता तो मुदत दुपटीहून जास्त झाल्यामुळे, अर्ध्या टक्क्याचा त्यात हात थोडाच होता. मूळ कर्ज १०० धरलं तर आम्हाला पुढे सुमारे ११९ भरायचे होते, त्याच्या योजनेत १६५ भरावे लागले असते. "याच ११८ महिन्यांत साडेआठ टक्क्यांनी द्याल का?" मी विचारलं. देईन म्हणाला, पण प्रक्रिया शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च धरला की हाती फार काही लागत नव्हतं. आमचा दर ९ टक्के झाला तेव्हाच तो दर मिळाला असता तर मी नक्की बदललं असतं.

सातव्या वर्षाच्या शेवटी मात्र माझ्या हातून चूक झाली. शिल्लक मुद्दल उतरताना बघायची मला इतकी ओढ लागली होती की बोनसचा हप्ता भरल्यावर बचत खातं जवळजवळ रिकामं झालं. पुढच्या दोन महिन्यांत नवऱ्याचं ऑपरेशन निघालं. विम्यानं बराच खर्च उचलला, पण सगळा नाही, आणि त्याचा पगार काही महिने अर्धा झाला. कर्जात भरलेले पैसे परत काढता येत नाहीत. पाहिजे असतील तर नवीन कर्ज म्हणून मागावे लागतात, त्याला पुन्हा कागद, पुन्हा मंजुरी, पुन्हा वेळ. काही ठिकाणी कर्जाला जोडलेलं असं खातं मिळतं की त्यात ठेवलेली शिल्लक मुद्दलातून वजा धरून व्याज लावतात आणि पैसे हवे तेव्हा काढताही येतात. आमचं कर्ज तसं नव्हतं.

मी दादाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "किती पाठवू ते सांग, बाकीचं नंतर बोलू." त्या पैशांवर आम्ही ते वर्ष काढलं. हप्ता थकू दिला नाही, पण दोन वर्षं ना हप्ता वाढवला ना तेरावा हप्ता भरला. त्याऐवजी आधी दादाचे पैसे परत केले, मग सहा हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवली. ती ठेव मी सर्वात आधी करायला हवी होती. दवाखान्याच्या बाकावर बसून, ज्या पैशांचा मला इतका अभिमान होता ते हात लावता येणार नाहीत अशा जागी आहेत, हे कळणं फार कठीण होतं. नवरा मला एका शब्दानं बोलला नाही.

दहाव्या वर्षापासून पुन्हा सुरुवात झाली. इथून पुढे वही भराभर बदलायला लागली. मुद्दल निम्म्यावर आलं तशी प्रत्येक हप्त्यात व्याजाचा वाटा मुद्दलाच्या वाट्याहून बराच छोटा दिसू लागला. पहिल्या वर्षांत महिन्याला मुद्दलाचा ०.१७ तुकडा पडायचा, तेराव्या वर्षात १ च्या वर पडत होता. हप्ता पहिल्या हप्त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त झाला होता, पण पगारही दरम्यान वाढले होते, त्यामुळे घरखर्चात त्याचं ओझं पूर्वीपेक्षा कमी वाटत होतं.

१५६ हप्ते झाले तेव्हा मूळ १०० पैकी ९ उरले होते. आणखी सात-आठ हप्ते भरले असते तरी संपलंच असतं. एकदम भरून वाचणारं व्याज एका हप्त्याच्या चौथ्या हिश्शाएवढंही नव्हतं. पैशाच्या दृष्टीनं घाईला कारण नव्हतं. पण एक ठेव पिकली होती, आणि नवरा म्हणाला, "टाकून दे. मला ती वही बंद झालेली बघायची आहे." सहा हप्त्यांची ठेव तशीच ठेवून आम्ही कर्ज बंद करायला गेलो.

बंद करताना आधी किती रक्कम लागेल याचं पत्र मागावं लागतं. त्यात एक तारीख असते आणि त्या तारखेनंतर रोज किती व्याज वाढेल ते लिहिलेलं असतं. माझ्या वहीतला आकडा आणि पत्रातला आकडा यांत फरक होता तो फक्त चालू महिन्यातल्या त्या नऊ दिवसांच्या व्याजाचा. तेरा वर्षांनंतर! मी तो कागद नवऱ्याला दाखवला तेव्हा माझे हात थोडे थरथरत होते.

पैसे भरल्यावर काम संपलं असं समजू नये. हप्त्याची आपोआप वळती रद्द करायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. आम्ही दिला, तरी एक हप्ता पुढच्या महिन्यात गेलाच आणि तो परत यायला तीन आठवडे लागले. 'काहीही येणं बाकी नाही' असा दाखला घेतला. घराची मूळ कागदपत्रं परत घेताना, कर्जाच्या वेळी ती जमा केल्याची जी यादी मिळाली होती ती सोबत नेली. एकेक पान लावून पाहिलं. एका दस्ताच्या मागे जोडलेला नकाशा नव्हता. समोरच्या बाईंनी आधी "एवढंच आलंय" असं सांगितलं. मी यादीतली ओळ दाखवल्यावर त्यांनी फोन केला आणि चार दिवसांनी नकाशा आला. ती यादी मी तेरा वर्षं जपली नसती तर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. घराच्या विम्यावर कर्ज देणाऱ्याचं नाव होतं, तेही काढून घेतलं. सरकारी नोंदीतला बोजा उतरवायला वेगळा अर्ज द्यावा लागला. पतअहवालात कर्ज 'बंद' दिसायला आणखी महिना-दीड महिना गेला.

एकूण हिशेब शेवटच्या पानावर आहे. २४२ चं पत्र फाइलला लावून तसंच सोडलं असतं तर शंभरामागे सुमारे २३२ भरले असते, तेवीस वर्षं. आम्ही सुमारे १७९ भरले, तेरा वर्षांत. आजारपणाची ती दोन वर्षं मध्ये आली नसती तर आकडा आणखी थोडा खाली आला असता, पण तो मी काढून बघितला नाही.

बोजा उतरल्याची नोंद हातात आली ती दोन महिन्यांनी. घराच्या उताऱ्यावर आम्हा दोघांची नावं होती आणि खालची जागा कोरी होती. त्याची एक प्रत काढून मी वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवली आणि त्या संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं.